डिपॉझिट परत मिळणार की नाही, हे चावी घेतानाच ठरतं

नवी मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या गावाकडच्या पोरांचे पैसे नेमके कुठे अडकतात? कायदा कोणाच्या बाजूनं आहे? आणि गावात बसून काय करता येतं?

नवी मुंबई : जावळी, पाटण, खटाव, माण या तालुक्यांत अशी वाडी शोधूनच काढावी लागेल, जिथलं कोणी नवी मुंबईत नाही. वाशीच्या बाजार समितीत माथाडी म्हणून गेलेली पिढी कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे भागात स्थिरावली. त्यांच्यामागून गेलेली पोरं-पोरी आज ऐरोलीच्या आयटी पार्कात, तळोज्याच्या कारखान्यांत, नेरूळच्या हॉस्पिटलांत आणि कॉलेजांत आहेत. यातले अनेक जण भाड्याच्या घरात राहतात. आणि भाड्याचं घर म्हटलं की आधी डिपॉझिट, म्हणजे अनामत रक्कम.

ही रक्कम पोरगा भरतो, पण उभी होते गावात. कुणी बचत गटातून उचल घेतो, कुणी दागिना गहाण ठेवतो, कुणी दावणीचं जनावर विकतो. घर सोडताना पैसे परत मिळतील, या भरवशावर घरातले ते विसरूनही जातात. आणि मग घर सोडायच्या दिवशी मालक म्हणतो, "रंगकामाचे वजा होतील, बाकीचे महिनाभरात टाकतो." महिन्याचे तीन महिने होतात. पुढं फोन उचलणंही बंद होतं.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला होता. उलवे, पनवेल, खारघर पट्ट्यात भाड्याच्या घराला गिऱ्हाईक वाढलं, तशी मालकाची बाजू आणखी भक्कम झाली. एक भाडेकरू गेला तर दुसरा दारात उभा असतो. अशा वेळी डिपॉझिटचा हिशेब नीट समजून घेणं गावाकडच्या कुटुंबासाठीही गरजेचं आहे.

कायदा काय सांगतो, काय सांगत नाही

मोबाइलवर एक मेसेज फिरतो : "आता दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही." महाराष्ट्रात हे खरं नाही.

दोन महिन्यांची मर्यादा आहे ती केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात. केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला २ जून २०२१ रोजी मंजुरी दिली. पण नावातच 'आदर्श' आहे, म्हणजे तो नमुना आहे. भाडेकरार हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्यानं प्रत्येक राज्यानं आपापला कायदा करायचा असतो. उत्तर प्रदेशानं दोन महिन्यांची मर्यादा घातली. तमिळनाडूच्या २०१७ च्या कायद्यात तीन महिन्यांची मर्यादा आहे आणि घर सोडल्यावर महिनाभरात पैसे परत करायचे, असंही लिहिलेलं आहे. महाराष्ट्रात मात्र १९९९ चा भाडे नियंत्रण कायदाच चालतो. डिपॉझिट किती घ्यावं आणि किती दिवसांत परत करावं, याचं बंधन त्यात नाही.

पण याच कायद्यातलं कलम ५५ भाडेकरूच्या फार कामाचं आहे. घर भाड्यानं दिलं किंवा 'लिव्ह अँड लायसन्स'वर दिलं, तर करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणीही झाली पाहिजे. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी : नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. ते खोटं आहे, हे मालकानं सिद्ध करायचं.

म्हणजे "करार नाही, तर तुमचा हक्क नाही" हे मालकाचं नेहमीचं वाक्य कायद्याच्या नेमकं उलटं आहे. मात्र पैसे दिल्याचा पुरावा लागतोच. रोख दिले असतील आणि पावती नसेल, तर बोलणं अवघड होतं.

सरकारला व्याज दिसतं, भाडेकरू दिसत नाही

लिव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क कसं काढतात, हे पाहण्यासारखं आहे. एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दरानं धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के शुल्क लागतं.

समजा, कोपरखैरण्यात महिना १२ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट आणि ११ महिन्यांचा करार आहे. भाडं झालं १ लाख ३२ हजार. डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज सुमारे ४,६००. या बेरजेवर शुल्क येतं साधारण साडेतीनशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. एजंटचे पैसे सोडले, तर शुल्क आणि नोंदणी फी मिळून रक्कम दीड हजाराच्या आत बसते. पन्नास हजारांच्या सुरक्षेसाठी ही रक्कम मोठी नाही.

पण या हिशेबात एक गोष्ट उघड होते. डिपॉझिटवर मालकाला व्याज सुटतं, हे सरकारनं स्वतःच मान्य केलंय आणि त्यावर शुल्कही घेतलंय. हे शुल्क अनेकदा भाडेकरूच भरतो, नाही तर अर्धं-अर्धं होतं. मात्र त्या व्याजातला रुपया भाडेकरूला मिळत नाही आणि मुद्दल परत येईल याची हमीही मिळत नाही. प्रत्येक नोंदणीकृत करारात डिपॉझिटचा आकडा सरकारी संगणकात जातो. ते परत झालं की नाही, हे विचारणारा रकाना मात्र कुठंच नाही.

दुसरी तफावत याहून मोठी आहे. कराराची मुदत संपूनही भाडेकरू हलला नाही, तर मालकासाठी कलम २४ आहे. त्यात सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर लवकर ताब्यात मिळवायची वेगळी सोय आहे. शिवाय राहिलेल्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. भाडेकरूचं डिपॉझिट अडकलं, तर अशी वेगळी वाट नाही. त्यानं साध्या दिवाणी कोर्टात जायचं. घर अडकलं तर मालकाला जलद रस्ता आणि पैसे अडकले तर भाडेकरूला लांबचा, अशी ही रचना आहे.

कशाकशाचे पैसे कापले जातात

सगळ्यात जास्त वाद होतो रंगकामावरून. त्यानंतर साफसफाई, नळ-फिटिंग, पंखे-गिझर, थकलेलं लाईट बिल आणि मुदतीआधी घर सोडल्याची कपात.

यातलं काही रास्त असतं. महावितरणचं बिल थकलं असेल, फरशी फोडली असेल, दरवाजा मोडला असेल, तर ते पैसे भाडेकरूच्याच अंगावर येतात. करारात सहा महिन्यांचा 'लॉक-इन' लिहिलेला असेल आणि तिसऱ्या महिन्यात घर सोडलं, तर कपात होणारच.

पण वापरानं येणारी झीज वेगळी. वर्ष-दोन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडणं किंवा नळाचा वॉशर जाणं ही नासधूस नव्हे. मालमत्ता हस्तांतरणाच्या जुन्या कायद्यातही भाडेपट्ट्यानं घेतलेली जागा परत देताना रास्त झीज सोडून बाकी जशीच्या तशी द्यावी, असं तत्त्व आहे. केंद्राच्या आदर्श कायद्यात तर कामांची वाटणीच केलेली आहे. भिंतींना चुना-रंग, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग ही कामं मालकाची. नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच, गिझरची दुरुस्ती ही भाडेकरूची. महाराष्ट्रात तो लागू नसला, तरी बोलणी करताना हा नमुना दाखवता येतो.

मात्र करारातच "घर सोडताना रंगकामासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल" असं लिहून त्यावर सही केली असेल, तर मग तक्रार करणं जड जातं. हे वाक्य खोडायची वेळ सहीच्या आधीची असते. आणि कपात करणाऱ्या मालकाकडं बिल मागणं हा भाडेकरूचा साधा अधिकार आहे. "पंधरा हजार रंगाला गेले" असं नुसतं तोंडी सांगणं पुरेसं नाही.

गावठाणातली खोली आणि चौघांत एक करार

नवी मुंबईचं एक वेगळेपण आहे. सिडकोनं १९७० पासून शहर वसवताना ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांची मूळ गावं आजही शहराच्या मधोमध आहेत : घणसोली गाव, तळवली, गोठिवली, तुर्भे, कोपरखैरणे गाव. या गावठाणांत आणि भोवती उभ्या राहिलेल्या 'गरजेपोटी'च्या इमारतींत भाडं तुलनेनं कमी असतं. नवीन आलेला पोरगा आधी तिथंच खोली बघतो.

तिथला व्यवहार बहुतेक तोंडी आणि ओळखीवर चालतो. भाडं रोख, डिपॉझिट रोख, फार तर वहीत नोंद. संबंध चांगले असेपर्यंत काही बिघडत नाही. पण मालकाच्या घरात वाटणी झाली, कारभार दुसऱ्या भावाकडं गेला, तर "आम्हाला काही माहीत नाही" हे उत्तर मिळतं. अशा ठिकाणी निदान डिपॉझिट तरी यूपीआयनं द्यावं आणि सोबत मेसेज टाकावा : 'अमुक खोलीचं डिपॉझिट, रक्कम इतकी.' समोरून 'हो, मिळाले' एवढं आलं तरी तो पुरावा होतो.

दुसरी अडचण चार-पाच पोरं मिळून राहतात तिथली. करार एकाच्या नावावर, डिपॉझिट सगळ्यांचं. एक जण सोडून जातो तेव्हा त्याच्या जागी येणारा त्याला पैसे देतो आणि साखळी पुढं चालते. शेवटी खोली रिकामी होते तेव्हा मालक कराराच्या नावावरच्या पोराला पैसे देतो. त्या वेळी कुणाचे किती, यावरून एकाच गावच्या मित्रांत भांडणं होतात. प्रत्येक बदलाची नोंद एका ग्रुपवर लिहून ठेवली, तर हा प्रश्न उरत नाही.

हेवी डिपॉझिट : मोठा फायदा, त्याहून मोठा धोका

काही घरं 'हेवी डिपॉझिट'वर मिळतात. काही लाख एकरकमी द्यायचे, महिन्याचं भाडं नाममात्र किंवा शून्य. गावाकडं जमीन विकून पैसे आले असतील, तर हा सौदा गोड वाटतो.

पण इथं भाडेकरू मालकाला बिनव्याजी कर्ज देत असतो, तेही तारणाशिवाय. मालकानं ते पैसे दुसरीकडं गुंतवले आणि बुडाले, तर परत करायला त्याच्याकडं काही नसतं. फ्लॅटवर बँकेचं कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक घराचा ताबा घेते आणि भाडेकरू रस्त्यावर येतो. एकच फ्लॅट दोघा-तिघांना देणं किंवा मालक नसलेल्या माणसानंच पैसे घेणं, हेही फसवणुकीचे ठरलेले प्रकार आहेत. म्हणून अशा सौद्यात इंडेक्स-टू, मालमत्ता कराची पावती, लाईट बिल आणि सोसायटीकडून मालकाचं नाव तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. फ्लॅटवर कर्ज आहे का, हे लेखी विचारावं. आणि पैसे एजंटच्या खात्यावर कधीच टाकू नयेत.

चावी रोखून धरावी का?

"पैसे दिल्याशिवाय चावी देऊ नको," असा सल्ला गावातून हमखास मिळतो. तो अर्धाच बरोबर आहे. रिकामं घर ताब्यात देणं आणि डिपॉझिट परत करणं एकाच वेळी होईल, असं अनेक करारांत लिहिलेलं असतं. काही करारांत तर मालकानं पैसे दिले नाहीत तर भाडेकरूला विनाभाडं राहता येईल किंवा व्याज मिळेल, असंही कलम असतं. तसं असेल तर चावी हातात ठेवायला आधार आहे.

तसं काही नसेल आणि मुदत संपली असेल, तर मात्र सांभाळून राहावं. वर सांगितलेलं दुप्पट भरपाईचं कलम मालक उलटं वापरू शकतो. शेवटचे दोन महिने भाडं न देता डिपॉझिटमधून वळतं करायची पद्धतही सर्रास चालते. मालकाची लेखी संमती असेल, तर तोच सगळ्यात सुटसुटीत मार्ग. संमती नसेल, तर ती थकबाकी ठरते.

उलट बाजूनं, मालकानंही दांडगाई करू नये. वाद आहे म्हणून पाणी-वीज तोडणं याच भाडे नियंत्रण कायद्यानुसार गुन्हा आहे.

पैसे अडकलेच, तर

मालकाचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर असतो : माणूस गावी गेला, आता तो परत कशाला येतोय? बेलापूरला एक चक्कर म्हणजे एसटीचं भाडं आणि दोन दिवसांची मजुरी. पण बऱ्याच गोष्टी गावातूनच करता येतात.

पहिली पायरी लेखी मागणीची. घर कधी सोडलं, डिपॉझिट किती, किती परत आलं, किती बाकी आहे आणि किती दिवसांत हवं, एवढं साध्या मराठीत लिहून स्पीड पोस्टनं पाठवावं. पोस्टाची पावती जपून ठेवावी. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावा. वकिलाची नोटीस ही त्यापुढची पायरी. अनेक प्रकरणं नोटिशीवरच मिटतात, कारण कलम ५५ चा उल्लेख बघितला की करार न केलेला मालक विचारात पडतो.

दुसरी पायरी विधी सेवा प्राधिकरणाची. प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि महाराष्ट्रात तीन लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असणारे यांना मोफत वकील मिळतो. महिलांना तर उत्पन्नाची अटच नाही. १५१०० हा देशभराचा हेल्पलाइन नंबर आहे. दावा दाखल होण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत नेता येतं. तिथं तडजोड झाली, तर तिला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच बळ असतं आणि त्यावर अपील नाही.

तिसरी पायरी दिवाणी दाव्याची. घर ठाणे जिल्ह्याच्या हद्दीतल्या वाशी, नेरूळ, ऐरोली अशा भागात असेल तर बेलापूर कोर्ट. खारघर, कामोठे, उलवे अशा पनवेल तालुक्याच्या भागात असेल तर पनवेल कोर्ट. लेखी करारात रक्कम स्पष्ट असेल, तर वकिलाला 'समरी सूट'बद्दल विचारावं. त्यात मालकाला बचाव करण्यासाठी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. "देतो, देतो" ऐकत ती घालवू नये.

पोलिसांत जावं का? मालक नुसता पैसे देत नसेल, तर पोलीस बहुतेक वेळा "दिवाणी बाब आहे" असंच सांगतात. पण मुळात मालकच खोटा होता, एकच घर अनेकांना दिलं होतं किंवा सुरुवातीपासून फसवायचाच इरादा होता, तर तो फसवणुकीचा गुन्हा होतो.

चेकची गोष्ट वेगळी आणि गावाकडच्या माणसाच्या सोयीची. मालकानं डिपॉझिटचा चेक दिला आणि तो वटला नाही, तर बँकेनं कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार करता येते. २०१५ मधल्या दुरुस्तीनंतर, चेक ज्या खात्यात भरला त्या खात्याची शाखा जिथं, तिथल्या कोर्टात ही तक्रार चालते. म्हणजे खातं मेढ्याच्या किंवा पाटणच्या शाखेत असेल, तर चकरा मालकाला माराव्या लागतात.

बाहेर काय होतं, इथं काय होऊ शकतं

इंग्लंडमध्ये २००७ पासून ठरावीक प्रकारच्या भाडेकरारांचं डिपॉझिट मालकाला सरकारमान्य योजनेत सुरक्षित करावंच लागतं. वाद झाला तर योजनाच निवाडा देते. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात १९७७ पासून त्यासाठी वेगळं मंडळ आहे. तिथल्या मालकांची नियत इथल्यापेक्षा चांगली आहे म्हणून हे चालतं असं नाही. पैसे मालकाच्या खिशात नसतात, म्हणून चालतं.

महाराष्ट्रात एवढं मोठं पाऊल लगेच पडेल असं नाही. पण ऑनलाइन नोंदणीची यंत्रणा तयार आहे आणि डिपॉझिटचा आकडा त्यात आहेच. करार संपल्यावर 'डिपॉझिट परत केलं, इतकी कपात, या कारणासाठी' अशी नोंद मालकानं करणं सक्तीचं केलं आणि परतीची मुदत ठरवली, तरी निम्मे वाद सुरू व्हायच्या आधीच मिटतील. गावागावांतून नवी मुंबईत गेलेल्यांची संख्या पाहता, ही मागणी ग्रामीण भागाच्या आमदारांनीही विधानसभेत मांडण्यासारखी आहे. अडकलेला पैसा शेवटी त्यांच्याच मतदाराचा आहे.

तोवर एवढं करावं

- डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयनं, मालकाच्याच खात्यावर द्यावं. रोख दिलंच, तर सहीची पावती घ्यावी.
- करार नोंदणीकृत करावा. नुसती नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.
- रंगकाम, नोटीस किती दिवसांची, लॉक-इन आणि डिपॉझिट परतीची तारीख, ही चार वाक्यं सहीच्या आधी वाचावीत.
- चावी घेताच घराचा व्हिडिओ काढावा : भिंती, नळ, फरशी, मीटरचं रीडिंग. तो मालकाला त्याच दिवशी पाठवावा. सोडतानाही तेच करावं.
- घर सोडण्याची सूचना लेखी द्यावी आणि पंधरा दिवस आधी मालकाला घर बघायला बोलवावं.
- चावी देताना हिशेब कागदावर किंवा मेसेजवर घ्यावा. मेसेज डिलीट करू नयेत.

ही कामं पोरानं केलीत का, एवढं गावातून एकदा फोन करून विचारलं तरी चालेल. पैसे गावातूनच गेलेले असतात.